गच्चीवरचं कोमट पाणी आणि लीड्सहून आलेली धास्ती

पत्र

मी निवृत्त शिक्षिका. दुसरं कुणी तयार होईना म्हणून जूनपासून मुलुंडच्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले. सात मजले, बेचाळीस घरं. त्यांतली चौदा जवळजवळ वर्षभर बंद असतात. जमिनीखालची सक्शन टँक चाळीस हजार लिटरची, गच्चीवर दोन टाक्या मिळून वीस हजार. शिवाय पाणी तापवायचं सोलर आहे. माझी मुलगी इंग्लंडात, लीड्सला, भाड्याच्या घरात राहते. मध्यंतरी तिच्या घरमालकाने एक माणूस पाठवला. त्याने नळांच्या पाण्याचं तापमान मोजलं, शॉवर बघितला आणि ‘लेजिओनेला रिस्क असेसमेंट’, म्हणजे पाण्यातल्या लेजिओनेला या जंतूचा धोका किती ते पाहणं, झाल्याचा कागद दिला. मुलीने मला फोनवर विचारलं, “आई, आपलं सोलरचं पाणी पावसाळाभर कोमटच येतं, ते कुणी बघतं का?” मी हा विषय कमिटीत काढला. एका एजन्सीने सहा नमुने तपासून सर्टिफिकेट द्यायचं अठ्ठावीस हजारांचं कोटेशन दिलं. चेअरमन म्हणाले, “आम्ही गावी विहिरीचं पाणी पिऊन वाढलो. हे गोऱ्यांचे रोग.” गच्चीची किल्लीही त्यांच्याकडेच असते. चौथ्या मजल्यावरच्या काकांची केमोथेरपी नुकतीच संपली आहे. आणि ६०२ मधली मंडळी आठ महिन्यांनी दुबईहून दिवाळीला येणार आहेत, बरोबर ऐंशी वर्षांच्या आजी. कोटेशन मंजूर करू, की मी उगाच घाबरले आहे?
— एक सेक्रेटरी, मुलुंड

उत्तर

ताई, कोटेशन आत्ता मंजूर करू नका. आणि उगाच घाबरलात असंही नाही. तुमच्या मुलीने फोनवर विचारलेला प्रश्न त्या अठ्ठावीस हजारांच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त कामाचा आहे. त्या एका प्रश्नात निम्मं रिस्क असेसमेंट आलं.

आधी चेअरमनसाहेबांचं बघू. ते विहिरीचं पाणी प्यायले, यात शंका नाही. पण हा जंतू पिण्यातून पोट बिघडवणारा नव्हे. पाण्याचे अगदी बारीक तुषार श्वासाबरोबर आत गेले की तो फुप्फुसात घर करतो आणि न्यूमोनिया होतो. कधीतरी पाणी पिताना ठसका लागून ते श्वासनलिकेत गेलं तरी होऊ शकतो, पण मुख्य वाट तुषारांची. त्यांच्या विहिरीवर ना शॉवर होता, ना सोलर, ना बागेतलं कारंजं.

‘गोऱ्यांचा रोग’ म्हणण्यामागे थोडा इतिहास आहे खरा. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं. घरी परतल्यावर एकेक जण न्यूमोनियाने अंथरूण धरू लागला. अधिवेशनाला आलेल्यांपैकी एकोणतीस जण गेले. कारण कळेना, तर्कांना ऊत आला. पुढच्या वर्षी जानेवारीत जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाला जंतू सापडला आणि त्या लीजनवरून त्याचं नाव लेजिओनेला पडलं. नाव अमेरिकेत पडलं म्हणून जंतू अमेरिकन होत नाही. नद्या-तलावांच्या गोड्या पाण्यात तो जगभर थोडाफार असतोच. आपल्याकडे न्यूमोनियाचा पेशंट आला तर हा जंतू मुद्दाम शोधला जातो क्वचितच. तेव्हा “आपल्याकडे नाही” म्हणणं म्हणजे माळ्यावर बॅटरी न मारताच उंदीर नाहीत असं सांगण्यासारखं आहे.

आता तो कागद. इंग्लंडमध्ये घर भाड्याने देणाऱ्याला पाण्यातल्या या धोक्याचा विचार करणं कायद्याने भाग आहे. पण साध्या घराचं असेसमेंट घरमालक स्वतःही करू शकतो, आणि ‘लेजिओनेला टेस्ट सर्टिफिकेट’ नावाची वस्तू तिथला कायदासुद्धा मागत नाही. तिथलं सरकारी खातंच हे स्पष्ट सांगतं, कारण तिथेही घाबरवून सर्टिफिकेटं विकणारे आहेत. आपल्याकडे हाऊसिंग सोसायटीवर असं बंधनच नाही. म्हणजे जे तिकडे लागत नाही ते इकडे अठ्ठावीस हजारांना!

रिस्क असेसमेंट म्हणजे प्रयोगशाळेचा रिपोर्ट नव्हे. महापालिकेच्या मीटरपासून शेवटच्या शॉवरपर्यंत पाणी ज्या वाटेने जातं, त्या वाटेने आपण चालत जायचं. सोबत थर्मामीटर, टॉर्च आणि वही. जाताना पाहायचं की पाणी कोमट कुठे होतं, थांबून कुठे राहतं, गाळ-गंज-बुळबुळीत थर कुठे साचलाय आणि ते पाणी कुणाच्या नाकासमोर उडतं. या चारही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे धोका. एखादीच असेल तर नोंद करा आणि पुढे चला.

तिकडचा नियम मात्र इकडे जसाच्या तसा चालत नाही, आणि एजन्सीवाले नेमके तो फॉर्म जसाच्या तसा घेऊन येतात. हा जंतू साधारण वीस ते पंचेचाळीस अंशांच्या पाण्यात वाढतो. म्हणून इंग्लंडात सांगतात, गार पाणी विसाच्या खाली ठेवा, गरम पाणी साठ अंशांवर साठवा आणि नळाला निदान पन्नास तरी येऊ द्या. ताई, मे महिन्यात दुपारी तीनला गच्चीवरच्या टाकीचं पाणी हातावर घेऊन बघा. विसाच्या खाली? आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटेसुद्धा मारामार. म्हणजे गार पाण्याचा नियम मुंबईत दारातच गळाला. मग हातात राहतं क्लोरीन, स्वच्छ टाकी आणि खेळतं पाणी. गरम पाण्याचा नियम मात्र पूर्ण लागू, त्याला सूट नाही.

क्लोरीनपासून सुरुवात करा, ते सगळ्यात सोपं. गावी ग्रामपंचायतीचा माणूस ‘ओटी टेस्ट’ करताना तुम्ही पाहिला असेल. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, लगेच पिवळा रंग येतो आणि तो शेजारच्या पट्टीशी जुळवायचा. ते किट काहीशे रुपयांत मिळतं. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे ग्राहकाच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं. तुम्ही एकाच सकाळी तीन ठिकाणी तपासा: पाणी आल्याआल्या मीटरजवळ, मग गच्चीवरच्या टाकीत, मग सगळ्यात लांबच्या नळाला. मीटरपाशी छान पिवळं, गच्चीवर फिकट आणि पहिल्या मजल्यावर बिनरंगी पाणी असं दिसलं तर महापालिकेने दिलेलं क्लोरीन तुमच्या टाक्यांत मुरतंय. दोष भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राचा नाही, तुमच्या साठवणुकीचा आहे. मी हे तीन ग्लास एका सोसायटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले होते. त्यानंतर भाषण करावं लागलं नाही.

क्लोरीन का मुरतं? गाळ आणि बुळबुळीत थर ते खाऊन टाकतात, ऊनही उडवतं. आणि वेळ. इथे तुमच्या बंद घरांचं गणित येतं. अठ्ठावीस घरं चालू, घरटी चार माणसं आणि माणशी १३५ लिटर धरलं तर दिवसाला साधारण पंधरा हजार लिटर लागतात. तुमच्याकडे साठवण साठ हजार. म्हणजे पाणी चार दिवस मुक्कामाला! टाक्या बेचाळीस भरलेल्या घरांसाठी बांधल्या. माणसं गेली, टाक्या तेवढ्याच राहिल्या. सोसायटीत टाकी भरून वाहिल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही हे मला ठाऊक आहे, पण रोज पाणी येत असेल तर दीड-दोन दिवसांचा साठा पुरे. सक्शन टँकचा फ्लोट, म्हणजे टाकी किती भरायची ते ठरवणारा तरंगता गोळा, खाली घ्या. गच्चीवरच्या दोन टाक्यांपैकी एक बंद करायची असेल तर रिकामी करून, पुसून, कोरडी ठेवा. भरलेली टाकी व्हॉल्व्ह फिरवून विसरू नका. फायरच्या टाकीला मात्र हात लावायचा नाही, ती नेहमी भरलेलीच हवी. फक्त तिचं पाणी वापराच्या लाईनीत शिरत नाही ना, हे प्लंबरकडून बघून घ्या. पाणीकपातीच्या दिवसांत फ्लोट पुन्हा वर करा, एवढं साधं आहे.

गच्चीवर गेलात की झाकणं बघा. एका इमारतीत टाकीचं झाकण म्हणून कूलरचा जुना पत्रा होता, वर दोन विटा. आत टॉर्च मारला तर भिंतीला तळहाताच्या उंचीपर्यंत हिरवट-काळा साका, आणि तळाशी गाळात रुतलेलं कबुतराचं पीस. वरचं पाणी स्वच्छ नितळ दिसत होतं. रहिवाशांनी वर्षानुवर्षं तेवढंच पाहिलं होतं. लेजिओनेलाला नितळ पाणी नको असतं, हा साका हवा असतो. साक्यात अमीबा राहतात, अमीबाच्या पोटात हा जंतू सुखाने वाढतो आणि तिथे क्लोरीनचा हात पोचत नाही. म्हणून साका घासून काढल्याशिवाय नुसती पावडर टाकणं म्हणजे चिखलावर गुलाबपाणी शिंपडणं.

डाऊनटेकच्या, म्हणजे गच्चीवरून खाली घरांत पाणी आणणाऱ्या, लाईनी बघताना ‘डेड एंड’ शोधा. कुणी बाल्कनीतलं वॉशबेसिन काढलं आणि पाईपला बूच मारलं. तळमजल्यावर वॉचमनचं न्हाणीघर होतं, तिथे आता सायकली ठेवतात. अशा तुकड्यात पाणी वर्षभर उभं राहतं आणि शेजारच्या वाहत्या लाईनीला आपला प्रसाद देत राहतं. बूच शेवटाला नव्हे, फाटा जिथे फुटतो तिथे मारून घ्या. वीस मिनिटांचं काम, पण ते कुणी करत नाही, कारण पाणी तर व्यवस्थित येत असतं.

आता सोलर. तुमच्या इमारतीत सगळ्यात आधी लक्ष घालावं अशी ही जागा. उन्हाळ्यात ठीक असतं, टाकीत साठ-सत्तर अंश सहज होतात आणि त्या तापमानाला हा जंतू काही मिनिटांत मरतो. पन्नासला तासन्‌तास लागतात. पंचेचाळीसच्या खाली मरणं राहिलं, तो वाढायला लागतो. जून ते सप्टेंबर मुंबईला ऊन नसतं. टाकी इन्शुलेशनची, त्यामुळे पाणी पूर्ण गारही होत नाही, पस्तीस-चाळीसला रेंगाळतं. लोक म्हणतात, “आंघोळीपुरतं कोमट आहे, चालतंय.” जंतूचंही तेच म्हणणं आहे. त्यात तळाला क्षारांचा थर, कारण अशी टाकी वर्षानुवर्षं कुणी खालून उघडून धुतलेली नसते.

बहुतेक सोलरला विजेची बॅकअप कॉइल असते. तुमची चालू आहे का, हे पहिल्या दिवशी विचारा. माझा अंदाज सांगू? ती जळली असेल आणि “बिल जास्त येतं” म्हणून मागच्या कुठल्यातरी कमिटीने तशीच ठेवली असेल. चालू करून थर्मोस्टॅट साठावर लावा, म्हणजे ढगाळ दिवसांतही टाकी दिवसातून एकदा तरी पूर्ण साठला पोचेल. ते परवडत नसेल तर दुसरा रस्ता: पावसाळ्यापुरतं सोलर सरळ बंद करा, टाकी आणि कलेक्टर (उन्हात पाणी तापवणारे पॅनेल) रिकामे करा आणि घरोघरच्या गीझरवर भागवा. ऑक्टोबरात उघडताना टाकी धुऊन, पूर्ण तापवून, लाईनीतलं जुनं पाणी सोडून देऊन मगच चालू करा. मधला, कोमट चालवत राहायचा मार्ग तेवढा सोडा.

सोलरच्या लाईनीतही एक गोम असते. सातव्या मजल्यावर गरम पाणी मिनिटभरात येतं आणि पहिल्या मजल्याला सहा मिनिटं नळ सोडावा लागतो. याचा अर्थ तेवढ्या लांबीच्या पाईपात रात्रभर कोमट पाणी उभं होतं. थर्मामीटर नळाखाली धरा आणि मिनिटं मोजा. हे दोन आकडे, तापमान आणि मिनिटं, प्रत्येक मजल्यावर वहीत लिहा. मुलीच्या घरी आलेल्या माणसाने यापेक्षा फारसं वेगळं केलं नसणार.

घरच्या गीझरचं थोडक्यात. पंधरा-पंचवीस लिटरचा साठवणीचा गीझर असेल तर थर्मोस्टॅट साठावर. वीज वाचवायला चाळीस-पंचेचाळीसवर ठेवणं हीच ती कोमट साठवण. पण साठ अंशांचं पाणी थेट अंगावर पडलं तर काही सेकंदांत भाजतं. म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तिथे बादलीत गार आधी, गरम नंतर. तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरमध्ये साठतंच थोडं, त्याची फार चिंता नको.

शॉवरची जाळी काढून उलटी करा. पांढरे क्षार दिसले तर रात्रभर व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. एका गेस्ट हाऊसमधल्या शॉवरची जाळी मी उघडली तेव्हा चहाच्या गाळण्यात राहिलेल्या साक्यासारखा तपकिरी लगदा हातात आला होता. त्याच शॉवरखाली रोज नवा पाहुणा तोंड वर करून उभा राहत होता. तीन महिन्यांतून एकदा ही सफाई पुरते. आणि एक गोष्ट सांगतो, जी तिकडच्या फॉर्मात कधीच नसते. आपली बादली-मगाची आंघोळ या बाबतीत फार शहाणी आहे, तिच्यात शॉवरच्या मानाने तुषार फारच कमी उडतात. ज्या घरात अजून बादली आहे तिथला धोका बराच कमी. नवीन टॉवरमध्ये बाथरूममधून बादलीच हद्दपार होते आहे, हा निराळा विषय.

बागेतलं कारंजं तुमच्याकडे आहे की नाही ते पत्रात नाही. असेल, आणि गणपती-दिवाळीलाच चालू होत असेल, तर एरवी रिकामं आणि कोरडं ठेवा. आत दिवे असले की पाणी तापतं, आणि शोभेच्या कारंज्यांतून हा आजार पसरल्याची उदाहरणं आहेत. घरचे स्प्लिट एसी सोडून द्या. त्यांचा या भानगडीशी संबंध नाही, कितीही व्हॉट्सॲप मेसेज आले तरी. एसीचं जे नाव या आजाराशी जोडलं जातं ते मॉल, हॉस्पिटल, मोठ्या ऑफिसांच्या गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमुळे. तिथे कोमट पाणी पंख्याच्या वाऱ्यावर उडतं आणि लांबवर जातं. २०१५ साली न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉंक्समध्ये एका हॉटेलच्या अशा टॉवरमुळे साथ आली आणि सोळा माणसं गेली. तुमच्या सात मजल्यांवर असा टॉवर नाही.

चौथ्या मजल्यावरच्या काकांसाठी मात्र कमिटीच्या ठरावाची वाट पाहू नका. उद्याच त्यांच्या घरी जा. पन्नाशीच्या पुढची माणसं, सिगारेट ओढणारे, मधुमेही, दमा किंवा जुनाट फुप्फुसाचा आजार असलेले आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी खाली आणली आहे ते, या सगळ्यांना हा आजार जड जातो. काकांनी सध्या शॉवर टाळावा, बादलीनेच आंघोळ करावी. नळ सुरुवातीला जोरात सोडून तोंड जवळ नेऊ नये. घरात नेब्युलायझर किंवा झोपेत लावायचं सीपॅप मशीन असेल तर त्यात नळाचं पाणी कधीही घालायचं नाही. नेब्युलायझरला डॉक्टरांनी सांगितलेलं निर्जंतुक द्रावणच, सीपॅपच्या भांड्यात डिस्टिल्ड किंवा निर्जंतुक पाणी. आणि ताप, कोरडा खोकला, अंग मोडून येणं, धाप, कधी जुलाब, कधी बरळणं असं काही सुरू झालं तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी बसायचं नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण दोन ते दहा दिवस, कधी चौदासुद्धा लागतात. म्हणून मागच्या दोन आठवड्यांत हॉटेल, हॉस्पिटल, बंद घर उघडणं असं काही झालं असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगायचं. लघवीची एक तपासणी आहे, तिच्यात या जंतूचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार सापडतो. औषध आहे, पण न्यूमोनियाला एरवी देतात ती पेनिसिलिनच्या जातीची अँटिबायोटिक्स इथे चालत नाहीत, कारण जंतू आपल्याच पेशींच्या आत लपून बसतो. वेळेवर योग्य औषध मिळालं तर बहुतेक बरे होतात. तरी दहातला एक जातो, इतका तो गंभीर आहे. माणसाकडून माणसाला पसरत नाही, तेव्हा कुणाला वाळीत टाकायचं कारण नाही. हे मीटिंगमध्ये मोठ्याने सांगा, कोविडमध्ये आपण काय-काय केलं ते सगळ्यांना आठवतं.

टाकी धुण्याबद्दल जरा कडक बोलतो. ‘वर्षातून दोनदा टँक क्लीनिंग’ हे पुष्कळ ठिकाणी बिलावरच होतं. तुम्ही स्वतः उभ्या राहा, धुण्याआधी आणि नंतरचा फोटो मागा. गाळ काढून, भिंती घासून, मग क्लोरीनचा जोरदार डोस: लिटरला ५० मिलिग्रॅम, निदान एक तास. दहा हजार लिटरच्या टाकीला हे अर्धा किलो क्लोरीन होतं. ब्लीचिंग पावडरमध्ये ताजी असताना साधारण तीस टक्केच क्लोरीन असतं, म्हणजे दीड ते पावणेदोन किलो पावडर. उघड्या पोत्यातली जुनी पावडर असेल तर तेवढाही जोर नसतो. त्या वेळात कुणीही नळ सोडायचा नाही, मग पाणी काढून टाकायचं, धुऊन भरायचं आणि ओटी टेस्ट करून मगच लाईन चालू. ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर त्या पावडरीच्या आसपासही नको, विषारी वायू होतो.

आणि सक्शन टँकमध्ये माणूस असाच उतरवायचा नाही. २०२५ च्या मार्चमध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. पहिला बेशुद्ध पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो, अशा अपघातांत बहुधा हेच घडतं. झाकणं आधीपासून उघडी, ब्लोअरने हवा, आतल्या हवेची मीटरने तपासणी, कमरेला दोर आणि तो धरून बाहेर उभा माणूस. हे ज्याच्याकडे नाही त्या कंत्राटदाराला परत पाठवा, तो कितीही स्वस्त असो. लेजिओनेलाच्या नावाने सुरू केलेल्या कामात कुणाचा जीव गेला तर आपण काय केलं मग?

आता कोटेशन. पाण्याची जी नेहमीची जंतूंची तपासणी होते, कॉलिफॉर्म वगैरे, तिच्यावरून लेजिओनेलाबद्दल काहीही कळत नाही. त्याची तपासणी वेगळी, प्रयोगशाळेत जंतूचं कल्चर वाढायला दहा दिवसांपर्यंत लागतात. आणि सहा बाटल्यांत नाही सापडला म्हणून सातव्या नळात नाही असं होत नाही, किंवा आज नाही म्हणून पुढच्या महिन्यात नाही असंही नाही. म्हणून आधी वाट चालून बघा, कॉइल, फ्लोट, साका, डेड एंड दुरुस्त करा. मग हवी तर तपासणी करा, दुरुस्ती लागू पडली का ते बघायला. त्या वेळी सहाही नमुने गच्चीवरून उचलू देऊ नका. सोलरच्या टाकीचा तळ, सगळ्यात लांबचं गरम पाणी आणि एखाद्या बंद घराचा शॉवर, एवढे तीन आधी. प्रयोगशाळेला विचारा की एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) मान्यतेत लेजिओनेलाची तपासणी आहे का, नुसती पिण्याच्या पाण्याची नव्हे. बाटलीत क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट आहे का, हेही विचारा. ते नसेल तर वाटेतच बाटलीतलं क्लोरीन जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट गोड येतो. या दोन प्रश्नांवर समोरचा गडबडला तर अठ्ठावीस हजार वाचले. त्यातले काही कॉइलला लावा.

चेअरमनसाहेबांना वगळू नका, सोबत घ्या. गच्चीची किल्ली त्यांच्याकडे आहे ना, मग थर्मामीटरही त्यांच्याच हातात द्या. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने सोलरच्या नळाखाली छत्तीस अंश वाचलेत, तो विहिरीवर परत जात नाही.

राहिली ६०२. हे सगळ्यात तातडीचं, कारण त्याला तारीख आहे. आठ महिने बंद घरात गीझरपासून शॉवरपर्यंत सगळीकडे तेच पाणी उभं आहे, आणि पहिली आंघोळ करणार ऐंशीच्या आजी. घराची किल्ली कुणाकडे आहे ते आजच विचारून ठेवा. मंडळी येण्याच्या एक दिवस आधी तुमच्या प्लंबरला पाठवा, तो धडधाकट असलेला बरा, आणि एन-९५ मास्क लावायला सांगा. खिडक्या आधी उघडायच्या. शॉवरची जाळी काढून बाजूला ठेवायची आणि उघड्या पाईपाला पिशवी बांधून तिचं खालचं टोक बादलीत सोडायचं, म्हणजे पाणी उडणार नाही. हेल्थ फॉसेटचा पाईप कमोडच्या पाण्यात बुडवून सोडायचा. गार पाण्याचे सगळे नळ हळूहळू उघडून पाच-दहा मिनिटं वाहू द्यायचे. फ्लश दोनदा. मग गीझर साठावर लावून पूर्ण तापू द्यायचा, आणखी तासभर तसाच ठेवायचा आणि ते गरम पाणी प्रत्येक गरम नळातून सोडून द्यायचं. सोलरची लाईन घरात येत असेल तर तीही मोकळी करायची. शेवटी ओटी टेस्ट, आणि धुतलेली जाळी परत बसवायची. वाया जाणारं पाणी बादल्यांत धरून जिन्याच्या फरशीवर हलकेच ओतून पुसून घ्या, दिवाळीची सफाई तशीही करायचीच आहे.